कोऱ्या तुकड्यातली पावले

हॅम्बर्गच्या मराठी मंडळात ओळख करून देण्याची एक ठरलेली रीत आहे. नाव, गाव आणि लगेच कंपनी. एक जण विमानाच्या पंखांतले जोड तपासतो, दुसरा बंदरातल्या क्रेनसाठी सॉफ्टवेअर लिहितो, तिसरा मोटारींच्या बोब्लिंगेनहून बदली होऊन आलेला असतो आणि गिअरबॉक्सचा विषय निघाला की त्याचा आवाज हळवा होतो. माझी पाळी आली की मी सांगते, "मी झाडे मरताना पाहते आणि किती मेली ते टक्क्यांत लिहिते." यावर बहुधा लोक घाईने पुढच्या माणसाकडे वळतात. एकदा एका काकांनी अत्यंत सहानुभूतीने विचारले होते की पुण्यात एम.एस्सी. आणि इथे पीएच.डी. करूनही तण मोजण्याची वेळ यावी, म्हणजे नेमके कुठे चुकले?

काकांचा प्रश्न चुकीचा होता. मी तण मोजत नाही. तण मरणारच असते. त्यासाठीच तर औषध बनवलेले असते आणि त्याचा अभिमान बाळगायला कंपनीकडे वेगळी माणसे असतात. माझे काम त्या तणाच्या शेजाऱ्यांचे. फवारा वाऱ्याने थोडा उडतो, बांधापलीकडे जातो आणि ज्यांचा या भांडणाशी काहीही संबंध नाही अशा वनस्पतींवर पडतो. आमच्या कागदपत्रांत त्यांना 'लक्ष्येतर वनस्पती' असे भारदस्त नाव आहे. त्यांना किती इजा झाली हे कुणीतरी गुडघे टेकून पाहावे लागते. २०१३ ते २०१९ या काळात ते गुडघे माझे होते.

आमचे कार्यालय लहान, म्हणजे अकरा माणसे, दोन गाड्या आणि कधीही नीट न चालणारे एक कॉफी यंत्र. तणनाशक बनवणाऱ्या कंपन्या आम्हाला चाचण्या करायला सांगत आणि आमचा अहवाल सरकारदरबारी जाई. पैसे कंपनीचे आणि निष्कर्ष मात्र निःपक्षपाती, ही व्यवस्था ऐकून माझे सासरे फोनवर बराच वेळ हसले होते. ते आयुष्यभर सातारा जिल्ह्यात शाळा-तपासनीस होते, त्यामुळे त्यांच्या हसण्याला अनुभवाचा आधार होता.

ही हकीकत ज्या चाचणीची आहे, ती हॅम्बर्गच्या दक्षिणेला तासाभराच्या अंतरावरच्या हाइडवर झाली. हाइड म्हणजे रेताड, निकस जमिनीवरचा झुडपी माळ. गुडघ्याच्याही खाली राहणारे हेदर नावाचे चिवट झुडूप, त्याच्या मधोमध शेवाळ, करड्या रंगाचे दगडफूल, थोडे गवत आणि हे सगळे नीट कातरून ठेवणारी शिंगवाली मेंढरे. ऑगस्ट संपताना हेदर फुलते आणि सगळा माळ जांभळा होतो. तेव्हा बसगाड्या भरून सेवानिवृत्त जर्मन येतात, केक खातात आणि परत जातात. उरलेले दहा महिने तो माळ पायपुसण्यासारखा दिसतो. मला तो तेव्हाच अधिक आवडतो.

या माळातून एक रेल्वेमार्ग जातो. रुळांतले गवत मारण्यासाठी एका कंपनीने नवे तणनाशक आणले होते आणि प्रश्न साधा होता. रुळांच्या कडेला हाइडचा किती रुंद पट्टा न फवारता सोडावा? अर्धा मीटर पुरे, असे कंपनीचे मत होते. कंपन्यांचे मत नेहमी अर्धा मीटरच असते.

चाचणीची रचना एखाद्या शाळकरी मुलालाही कळेल. माळावर चार मीटर लांबी-रुंदीचे छत्तीस तुकडे आखायचे आणि चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकायच्या. नऊ तुकड्यांवर औषधाची पूर्ण मात्रा, नऊंवर पाव, नऊंवर विसावा भाग आणि उरलेल्या नऊंवर नुसते पाणी. पाव आणि विसावा भाग म्हणजे रुळांपासून दूर उडत जाताना फवारा जितका विरळ होत जातो तितका. हे पाण्याचे तुकडे म्हणजे आमचे कोरे तुकडे. औषधाने काय झाले हे कळायला औषध नसताना काय झाले असते हे आधी ठाऊक हवे. कोऱ्या तुकड्यांवाचून सगळा अहवाल म्हणजे मत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाहणाऱ्या माणसाला, म्हणजे मला, कोणत्या तुकड्यावर काय पडले हे ठाऊक असता कामा नये. माणसाचे डोळे फार आज्ञाधारक असतात. जिथे मरण अपेक्षित आहे तिथे ते त्यांना दिसतेच. म्हणून ती यादी बंद पाकिटात आणि पाकीट टोर्स्टनकडे.

टोर्स्टन आमचा क्षेत्र-तंत्रज्ञ. वय एकोणसाठ, भाषण मोजके, जेवणाच्या डब्यात वीस वर्षे एकाच प्रकारचे सँडविच. फवारणीच्या दिवशी तुकड्यांत कुठल्या क्रमाने शिरायचे याची तो हाताने लिहिलेली यादी देई. ती यादी मला पहिल्या दिवसापासून खुपत होती. सात नंबरनंतर एकतीस, मग बारा, मग पार माळाच्या टोकाला छत्तीस. मी त्याला विचारले होते की हा क्रम असा का. तो म्हणाला, "क्रम म्हणजे क्रम." जर्मनीत हे उत्तर पूर्ण समजले जाते. मी त्याची नोंद 'वयोमानपरत्वे आलेल्या सवयी' या सदरात केली.

त्या मे महिन्यात टोर्स्टनच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, क्रमाची यादी मागे ठेवून तो रजेवर गेला आणि फवारणीच्या दिवसाची सूत्रे माझ्याकडे आली. फवारणी बाहेरची माणसे टोर्स्टनने त्यांना आधीच दिलेल्या सूचनेप्रमाणे करून गेली. त्यानंतरचे काम माझे. प्रत्येक तुकड्याच्या मध्यभागी पिवळ्या कागदाचे छोटे तुकडे ठेवलेले असतात. थेंब पडला की तिथे निळा ठिपका उमटतो आणि फवारा सारखा पडला की नाही हे कळते. हे कागद लवकर गोळा करावे लागतात, नाहीतर हवेतल्या ओलीने ते आपोआप निळे पडतात. लवकर, हा शब्द माझ्यातल्या महत्त्वाकांक्षी बाईला पुरेसा होता. आदल्या दुपारी मी छत्तीस तुकड्यांचे स्थाननिर्देश संगणकात घातले आणि कमीत कमी अंतराचा रस्ता काढला. सुबक, कुठेही स्वतःला न छेदणारा. टोर्स्टनच्या यादीपेक्षा चाळीस मिनिटे वाचली. आमच्या संचालिका फ्राऊ डॉक्टर ब्रिंकमान यांनी साप्ताहिक बैठकीत तो नकाशा भिंतीवर दाखवला आणि "गेनाऊ, अगदी बरोबर, यालाच विचार करणे म्हणतात," असे उद्गार काढले. मी नम्र चेहरा केला. तो चेहरा मला फारसा जमत नाही.

जून आणि जुलैमध्ये मी निरीक्षणे घेतली. लोखंडी चौकट जमिनीवर ठेवायची, तिच्यात वाकून पाहायचे आणि किती भाग पिवळा, किती वाळलेला, किती निरोगी याचा डोळ्यांनी अंदाज करायचा. दिवसभर वाकलेली काळी-सावळी बाई माळावर काय शोधते आहे, याची एका पर्यटकाने पोलिसांकडे चौकशी केली होती. पोलीस आले, त्यांनी चौकटीत डोकावून पाहिले आणि त्यांतला एक जण, मी न विचारता, "बारा टक्के?" म्हणाला. मी चौदा लिहिले होते. गुणी माणूस.

ऑगस्टच्या सुरुवातीला अंतरिम अहवालासाठी संख्याशास्त्र पाहणाऱ्या सहकाऱ्याने त्याच्याकडची यादीची प्रत वापरून गणित केले. निकाल कंपनीसाठी आनंदाचा होता. पाव आणि विसाव्या मात्रेचे तुकडे कोऱ्या तुकड्यांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. कोऱ्या तुकड्यांतही बरेच पिवळेपण होते. त्याचे कारण मी 'कोरडा उन्हाळा' असे लिहिले, कारण उन्हाळा खरोखरच कोरडा होता. अर्धा मीटर पट्टा पुरेसा आहे, असे त्या आकड्यांतून निघत होते. कंपनीने फुले पाठवली. फ्राऊ डॉक्टरांनी मला सांगितले की सप्टेंबरात प्रकल्पप्रमुखाची जागा भरायची आहे, करार कायमस्वरूपी आहे आणि माझी मुलाखत ही केवळ औपचारिकता असेल. मी तोवर चार वेळा मुदतवाढीचे कागद भरले होते. कायमस्वरूपी हा शब्द जर्मन भाषेत किती देखणा दिसतो, हे ज्यांनी ते कागद भरले आहेत त्यांनाच कळेल.

त्याच सुमारास सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. कोरडा उन्हाळा संपून त्या आल्यापासून पाऊस. त्या खिडकीत बसून समोरच्या इमारतीतल्या लोकांच्या दिनक्रमाचा अभ्यास करत आणि रात्री जेवताना आम्हाला त्याचा गोषवारा देत. गौरी जवळ आल्या तशी त्यांना तेरड्याची चिंता लागली. आमच्याकडे गौर तेरड्याच्या रोपांची असते. हॅम्बर्गमध्ये तेरडा कुठे मिळणार? मी म्हटले, शनिवारी मला हाइडवर फुलोऱ्याचे फोटो काढायला जायचे आहे, चला, काहीतरी मिळेल. वाटेत मी त्यांना बजावले की तो माळ संरक्षित आहे आणि एक डहाळीसुद्धा तोडता येत नाही.

"मग मला तिकडे कशाला नेतेस?" त्यांनी विचारले.

"बघायला, आई."

"बघायला खिडकी होतीच की."

माळाच्या एका बाजूला वाळूची छोटी टेकडी आहे आणि तिच्यावर बाक आहे. सासूबाईंना तिथे बसवून, थर्मास हाती देऊन मी खाली कामाला लागले. सगळा माळ जांभळा झाला होता. मी चौकटीमागून चौकट, फोटोमागून फोटो घेत होते, डोके खाली. अर्ध्या तासाने त्यांनी वरून हाक मारली.

"अगं ऋता, इथे कुणाच्या घरी गौर असते का?"

मी वर पाहिले. त्या बाकावरून उठून उभ्या होत्या.

"ती पावलं कुणी काढलीत मग? तो खुंट्यांचा चौकोन आहे ना, त्यात. आणि त्या पलीकडच्यातसुद्धा."

मेंढरे असतील, असे मी सांगितले.

"तुमच्याकडे मेंढ्या दोन पायांवर चालतात का? डावं-उजवं अगदी व्यवस्थित आहे. फक्त बाई घाईत होती, अंतर जास्त पडलंय."

मी टेकडी चढून त्यांच्या शेजारी उभी राहिले. आणि मला ते दिसले. दोन महिने गुडघ्यांवर बसून, अर्ध्या मीटरच्या चौकटीत डोके घालून जे मला दिसले नव्हते, ते पंधरा फूट उंचीवरून लख्ख दिसत होते. जांभळ्या फुलोऱ्यात जिथे जिथे पाऊल पडले होते, तिथे फुले आलीच नव्हती. गवत आणि शेवाळ तेवढ्याच आकारात वाळलेले. तुकड्याच्या कडेपासून मध्यापर्यंत, एकामागोमाग एक.

सासूबाई शांतपणे पुढे बोलत होत्या. बेचाळीस वर्षे दर गौरीला त्यांनी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पावले काढली होती, मुठीची कड टेकवून आणि बोटांनी अंगठा-करंगळी उमटवून. त्या विषयावर त्यांना अधिकाराने बोलता येत होते.

"ही काढलेली नाहीत पण. काढलेली सगळी सारखी असतात. ही बघ, आत शिरताना ठसठशीत आणि पुढे पुसट होत गेलीत. नव्या नवरीला कुंकवाच्या ताटात पाय बुडवून आत आणतात ना, तशी. काहीतरी माखलेले पाय आहेत हे."

मी खाली उतरले आणि पहिल्या ठशाशेजारी बूट ठेवला. सदतीस नंबर.

टोर्स्टनचा क्रम कशासाठी होता, हे मला त्या क्षणी कळले, आणि एका वैज्ञानिकासाठी यापेक्षा लाजिरवाणा क्षण शोधावा लागेल. पावलांचे हे चौकोन त्याच्या यादीत सर्वांत वर होते. आधी पाण्याचे तुकडे, मग सौम्य मात्रेचे, मग पूर्ण मात्रेचे. स्वच्छाकडून मळकटाकडे. माझा सुबक रस्ता ओल्या, विषारी तुकड्यातून थेट शेजारच्या कोऱ्या तुकड्यात शिरला होता, पुन्हा पुन्हा. पाण्याने भिजलेले आणि औषधाने भिजलेले तुकडे सारखेच चमकत होते, त्यामुळे मला संशयही आला नव्हता. औषध पायाने वाहून नेणारी मी, त्याने झालेली इजा मोजणारी मी आणि तिला कोरडा उन्हाळा म्हणणारीही मीच. कोरे तुकडे मीच मारले होते. म्हणून इतर तुकडे त्यांच्या तुलनेत निरोगी दिसत होते.

परतीच्या वाटेत एका ओहोळाच्या काठी गुलाबी फुलांची उंच रोपे दिसली. तो आपल्या तेरड्याचा हिमालयातला भाऊबंद. इथे त्याने सगळे काठ बळकावले आहेत आणि तो उपटणाऱ्याला निसर्गप्रेमी लोक दुवा देतात. सासूबाईंनी दोन कवळे उपटले. माझ्या संपूर्ण कारकिर्दीतले सर्वांत निर्विवाद तणनियंत्रण तेच.

सोमवारी सकाळी टोर्स्टन कुबड्या घेऊन कार्यालयात आला होता. त्याने पाकीट उघडले, माझा नकाशा शेजारी ठेवला आणि नऊ कोऱ्या तुकड्यांपैकी सहांवर पेन्सिलने फुल्या मारल्या.

"तू मला कारण का सांगितलं नाहीस?" मी विचारले.

"सांगितलं असतं, तर कुठला तुकडा कुठला ते तुला कळलं असतं."

"मी विचारलं होतं, टोर्स्टन."

"एकदा," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा विचारलं असतंस, तर मी म्हटलं असतं की बदलू नकोस."

दुपारी फ्राऊ डॉक्टरांकडे गेले. मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. त्यांनी फोटो पाहिले, चष्मा काढला, पुन्हा लावला. त्या वाईट बाई नव्हत्या. अकरा माणसांचे पगार त्यांच्या डोक्यावर होते. हे अजून कुणी पाहिले आहे, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, टोर्स्टनने आणि माझ्या सासूबाईंनी.

"आल्झो, तर मग, फ्राऊ भोसेकर. अंतिम अहवालात 'कोरडा उन्हाळा आणि तुडवले जाणे' असं लिहिता येईल. पाऊल पडलंच आहे. तुडवले जाणे हे असत्य नाही."

त्यांनी मला खोटे बोलायला सांगितले नव्हते, ही त्या वाक्याची खरी ताकद. तुडवले तर गेलेच होते. त्या पाच शब्दांत माझी जागा, माझा व्हिसा, कार्यालयाचा ग्राहक, सगळे सुखरूप बसत होते. बाहेर राहत होता तो फक्त रुळांच्या कडेचा अर्धा मीटर, आणि त्यापलीकडची हेदरची रोपे, ज्यांना कुणीही मुलाखतीला बोलावले नव्हते. मी एक दिवस मागितला.

त्या दिवशी मी काही थोर विचार केला, असे सांगायला मला आवडले असते. प्रत्यक्षात मी चिडले होते: टोर्स्टनवर, सासूबाईंच्या दृष्टीवर आणि सर्वाधिक त्या सुबक नकाशावर, जो अजून भिंतीवर होता. संध्याकाळी घरी सासूबाई उंबऱ्यापाशी पावले काढत बसल्या होत्या. कुंकू सांडू नये म्हणून जर्मन गालिचावर वर्तमानपत्र अंथरलेले. मी त्यांना सगळे समजावून सांगितले. कोरा तुकडा, मात्रा, ते पाच शब्द. त्या हात न थांबवता ऐकत होत्या.

"म्हणजे तुझी पावलं आहेत, हे तुला माहीत आहे," त्या म्हणाल्या, "आणि तू लिहिणार की कुणीतरी चाललं होतं."

मुलाखतीच्या आधी मी विचलन-अहवाल दिला. हा एक चार पानी अर्ज असतो. चाचणीत ठरल्याबाहेर काही घडले, तर काय, कधी, कुणामुळे ते त्यात भरायचे. 'कुणामुळे'च्या पुढे स्वतःचे नाव लिहिताना अक्षर फार नीट येते, हे मला नव्याने कळले. 'प्रथम कुणी पाहिले' या रकान्यात सासूबाईंचे नाव घातले. असे अहवाल ज्यांच्याकडे जातात त्या गुणवत्ता-तपासनीस महाशयांनी लगेच फोन केला. निरीक्षकाची पात्रता कोणती? मी सांगितले की पाऊलखुणांच्या क्षेत्रात बेचाळीस वर्षांचा अनुभव. प्रमाणपत्र आहे का? नाही. मग ते म्हणाले की निरीक्षण अचूक आहे, तेव्हा पात्रता 'व्यावहारिक' अशी नोंदवतो. आमच्या दप्तरात ती नोंद आजही आहे.

पुढचे थोडक्यात सांगते. चाचणी रद्द झाली. कंपनीने पुन्हा फुले पाठवली नाहीत. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली, शिष्टाचार सांभाळून आणि माझ्याशी कुणीही वाईट न वागता, जे जास्त लागते. मला पाचव्यांदा मुदतवाढीचा करार मिळाला. पुढच्या वर्षी माळाच्या दुसऱ्या भागात चाचणी नव्याने झाली आणि मी टोर्स्टनच्या यादीप्रमाणे माळभर उलटसुलट धावले. या वेळी कोरे तुकडे हिरवे राहिले, आणि त्यांच्या शेजारी ठेवल्यावर दिसले की पाव मात्रेत हेदरची जवळजवळ सगळी कोवळी रोपे मेली आहेत आणि विसाव्या मात्रेतही शेवाळाच्या तोंडचे पाणी पळाले आहे. परवानगी मिळाली, पण रुळांच्या कडेला पाच मीटर सोडण्याच्या अटीवर.

हे कळले त्या दिवशी मी साताऱ्याला फोन केला. सासूबाईंना ती गोष्ट वर्षभर डाचत होती, हे मला माहीत नव्हते.

"मी तेव्हा गप्प बसले असते तर तुझी बढती झाली असती का गं?"

"झाली असती, आई."

मागे कुकरची शिट्टी झाली, सासऱ्यांनी कुणाला तरी गॅस बारीक करायला सांगितले.

"पाच मीटर म्हणजे किती?" त्यांनी विचारले.

"आपल्या ओसरीएवढं. थोडं जास्तच."

"आणि लांबी?"

मी सांगितले, जिथवर रूळ हाइडमधून जातात तिथवर. पंधरा-सोळा किलोमीटर असेल, दोन्ही बाजूंनी.

"बरीच जागा झाली की," सासूबाई म्हणाल्या, आणि सासऱ्यांना सांगायला फोन तसाच ठेवून आत गेल्या.